लेट्युस रॅप घरी करताना: पान कुरकुरीत, सारण कोरडं

प्रश्न असा आहे की घरी चिकन लेट्युस रॅप केले की पान दोन मिनिटांत मऊ पडतं नाहीतर मधोमध फाटतं, सारणाला पाणी सुटतं आणि ते थेट मनगटापर्यंत ओघळतं, आणि सॉस सगळे तेच घालूनही हॉटेलसारखी चव काही येत नाही. वर लेट्युस नेमका कुठला घ्यायचा आणि व्हेज करायचं असेल तर काय, हेही विचारलंय. मी हे पदार्थ बरीच वर्षं करतेय, शिकवतेही, आणि ह्या सगळ्या तक्रारींचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं, ते म्हणजे पाणी. पाणी पानाच्या आत हवं, पानावर नको आणि सारणात तर अजिबात नको. ही एक गोष्ट नीट जमली की सॉसचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी रॅप छानच होतो, आणि ती जमली नाही तर कितीही महागाचा सॉस आणा, हातात ओला गोळाच येतो.

आधी पानाचं बघू, कारण बहुतेक जण सगळी मेहनत सारणावर घेतात आणि लेट्युस शेवटच्या क्षणी नळाखाली धरून तसाच ताटात ठेवतात. लेट्युसमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि तो कुरकुरीत लागतो तो पेशींमध्ये हे पाणी गच्च भरलेलं असतं म्हणून. दुकानातून घरी येईपर्यंत आणि मग फ्रीजमध्ये पडून पडून त्यातलं थोडं उडून जातं, पेशी सैलावतात, पान लुळं पडतं. पण हे पाणी परत भरता येतं. सुटी केलेली पानं बर्फ घातलेल्या गार पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवा, पेशी पाणी ओढून घेतात आणि पान परत ताठ होतं, बघून विश्वास बसणार नाही इतका फरक पडतो. फक्त ह्या पाण्यात मीठ घालू नका. भाज्या मिठाच्या पाण्यात भिजवायची सवय बऱ्याच जणांना असते पण मीठ पेशींतलं पाणी बाहेर खेचतं, म्हणजे आपल्याला हवंय त्याच्या बरोबर उलटं होतं.

कुठला लेट्युस, तर ते तुम्ही कुठल्या पद्धतीचा रॅप करताय त्यावर आहे. कॅन्टोनीज (दक्षिण चीनच्या) पद्धतीच्या, म्हणजे बारीक परतलेल्या सारणाच्या रॅपला मी आइसबर्गच घेते. त्याचं पान वाटीसारखं खोलगट असतं आणि चावल्यावर जो आवाज येतो तो दुसऱ्या कुठल्या लेट्युसला येत नाही. काही लोक आइसबर्गला चवच नाही म्हणून नाकं मुरडतात, मला ते पटत नाही, सारण इतकं जोरदार असतं की त्याला असं गार, पाणीदार, शांत पानच लागतं. बटरहेड जातीचा (बॉस्टन किंवा बिब नावाने मिळतो) लेट्युस मऊ असतो, न तुटता छान दुमडतो, त्यामुळे गुंडाळून खायचं असेल तर तो उत्तम, पण गरम सारणापुढे तो लवकर मान टाकतो. रोमेनचं पान लांबट होडीसारखं, मधली शीर जाड, त्यात सारण भरून खाता येतं पण गुंडाळायला गेलात की शीर मोडते, तेव्हा गुंडाळायचंच असेल तर सुरी आडवी धरून मागच्या बाजूने शिरेचा फुगवटा थोडा तासून टाका. आणि कोरियन पद्धतीला सुटा पसरट पानांचा लेट्युस, हिरवा किंवा लालसर कडांचा. काहीच मिळालं नाही तर नापा (लांबट चायनीज) कोबीची आतली कोवळी पानं चालतात.

आइसबर्गची पानं अख्खी निघत नाहीत ही तक्रार मी नेहमी ऐकते. बाहेरून एकेक पान सोलायला गेलं की ते फाटणारच, कारण ती एकमेकांत घट्ट अडकलेली असतात. गड्डा बुडख्याच्या बाजूने ओट्यावर जोरात आपटा, बुडखा आतल्या आत सुटतो, तो पिरगाळून ओढून काढा. मग जे भोक पडतं ते वर करून नळाखाली धरा आणि गार पाण्याची धार सरळ आत सोडा, पाणी पानांच्या थरांमध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून ढकलतं, गड्डा उलटा करून पाणी निथळू द्या आणि मग बाहेरून हलक्या हाताने पानं सोडवा, अख्खी वाटी निघते. वरची दोनतीन पानं जून आणि मळकी असतात ती टाकायची, त्याच्या आतल्या तीनचार थरांतच खऱ्या वाट्या मिळतात, अगदी आतला गाभा घट्ट आणि वेडावाकडा असतो, तो चिरून सॅलडमध्ये टाका. म्हणजे एका गड्ड्यातून कामाच्या आठदहा वाट्या मिळतात असं धरा, चार माणसांना दोन गड्डे लागतील. मोठ्या वाटीच्या कडा कात्रीने गोल कापून घेतल्या तर धरायला सोपं जातं आणि दिसतंही सुरेख, पण हे त्याच दिवशी करा, कापलेल्या कडा दुसऱ्या दिवशी तांबूस पडतात.

आता वाळवणं. ही पायरी टाळू नका. पानावर पाण्याचा नुसता पातळ थर राहिला तरी सॉस त्यावरून घसरतो आणि खाली जमून पातळ होतो, म्हणजे सारण कितीही कोरडं केलं तरी पानानेच त्यात पाणी घातलं. सॅलड स्पिनर असेल तर थोडी थोडी पानं घालून दोनदा फिरवा. नसेल तर मोठ्या स्वच्छ सुती कापडात पानं ठेवून चारी टोकं धरा आणि बाल्कनीत नाहीतर बाथरूममध्ये उभं राहून गरागरा फिरवा, पाणी कसं बाहेर उडतं बघा. मग डब्यात कोरडं कापड घालून त्यात पानं ठेवा, वर अजून एक कापड, झाकण लावून फ्रीजमध्ये किमान अर्धा तास. अशी पानं दोनतीन दिवसही ताजी राहतात, फक्त डबा सफरचंद किंवा केळ्यांच्या शेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने लेट्युसच्या शिरांवर तपकिरी डाग पडतात.

धुण्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगते. ह्या पदार्थात कच्चं पान आणि कच्चं चिकन एकाच ओट्यावर असतं, आणि पान काही शिजणार नसतं. लेट्युसमधून ई. कोलाय ह्या जिवाणूचा संसर्ग झाल्याच्या घटना झालेल्या आहेत, २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या युमा भागातल्या रोमेनमुळे दोनशेच्या वर लोक आजारी पडले होते आणि काही दगावलेही. वाहत्या पाण्यात नीट धुवा, साबण वगैरे वापरू नका, आणि क्रम असा ठेवा की लेट्युस धुवून, वाळवून, डब्यात बंद होऊन फ्रीजमध्ये गेला की मगच चिकनचं पाकीट उघडायचं. चॉपिंग बोर्ड आणि सुरी दोन्ही वेगळ्या.

आता सारण, आणि इथे थोडा इतिहास कामाला येतो. हा पदार्थ मूळचा कॅन्टोनीज, आणि त्यात जुन्या काळापासून कबुतराच्या पिल्लाचं मांस असायचं, सुरीने अगदी बारीक चिरलेलं. सिसिलिया चिआंग ह्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'द मँडरिन' रेस्टॉरंटमध्ये, जे १९६१ च्या सुमाराला सुरू झालं, असं कबुतराचं सारण लेट्युसच्या वाटीत मिळायचं. पुढे त्यांचा मुलगा फिलिप ह्याने पॉल फ्लेमिंगबरोबर १९९३ मध्ये ॲरिझोनात पी. एफ. चँग्ज हे रेस्टॉरंट काढलं आणि तिथला चिकनचा अवतार इतका चालला की आज लेट्युस रॅप म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर तोच येतो. मला ह्यातून महत्त्वाचं वाटतं ते 'सुरीने चिरलेलं' हे. ते मांस दळलेलं नसायचं, आणि ते रश्श्यात शिजायचं नाही, कोरडं परतलं जायचं.

म्हणून माझा पहिला आग्रह हा की तयार खिमा घेऊ नका. मशीनचा खिमा फार बारीक आणि चिकट असतो, कढईत गेला की त्याचा गोळा होतो आणि भरपूर पाणी सोडतो. बोनलेस चिकन थाय (मांडीचं मांस) ५०० ग्रॅम घ्या, पेपर टॉवेलने कोरडं करा, फ्रीजरमध्ये २०-३० मिनिटं ठेवून थोडं कडक होऊ द्या म्हणजे सुरीखाली सरकत नाही, मग आधी पट्ट्या आणि मग चारपाच मिलिमीटरचे तुकडे. वेळ जातो पण प्रत्येक तुकडा वेगळा लागतो. थायच का, तर त्यात चरबी जास्त असते, ब्रेस्ट मोठ्या आचेवर पटकन चोथा होतं. ब्रेस्टच वापरायचं असेल किंवा घरात तेच असेल तर ५०० ग्रॅमला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून १५ मिनिटं ठेवा. सोड्याने मांसाच्या पृष्ठभागाचा पीएच वाढतो, मग शिजताना प्रथिनं एकमेकांना तितकी घट्ट आवळत नाहीत आणि आतला रस आतच राहतो. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. ह्यानंतर दोन्ही प्रकारच्या चिकनला १ मोठा चमचा सोया सॉस, १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर पांढरी मिरपूड आणि १ छोटा चमचा तेल लावून बाजूला ठेवा. कॉर्नफ्लोअरचं पातळ आवरण रस धरून ठेवतं आणि नंतर सॉसही त्यालाच चिकटतो.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवायचा, कढई तापल्यावर बाटल्या शोधत बसायला वेळ नसतो. २ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा ऑयस्टर सॉस, १ होयसिन (गोडसर, घट्ट चायनीज सॉस), १ शाओशिंग वाइन म्हणजे चिनी तांदळाची वाइन (नको असेल तर तेवढाच चिकन स्टॉक किंवा शिटाके मशरूम भिजवलेलं पाणी), १ छोटा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा पांढरी मिरपूड. दुसऱ्या वाटीत १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे पाण्यात. भाजलेल्या तिळाचं तेल आणि राईस व्हिनेगर ह्या दोन्ही वेगळे ठेवा, ते गॅस बंद केल्यावर जातात. तिळाच्या तेलाचा वास मोठ्या आचेवर उडून जातो, आणि व्हिनेगर कॉर्नफ्लोअरबरोबर उकळत राहिलं की आम्लाने स्टार्च तुटतो, घट्ट झालेला सॉस परत पातळ होतो. पुष्कळ लोकांचा सॉस कढईत छान दिसतो आणि ताटात पाणी होतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

कुरकुरीतपणासाठी वॉटर चेस्टनट, म्हणजे पाण्यात वाढणारा एक पांढरा, कुरकुरीत कंद. एक छोटा टिन, निथळून, पुसून, चिकनच्याच आकाराचे तुकडे. ह्याची गंमत अशी की तो शिजला तरी मऊ पडत नाही. बहुतेक भाज्यांमध्ये पेशींच्या भिंतींना जोडणारा चिकट भाग उष्णतेने विरघळतो, ह्यात मात्र त्या भिंती फेनॉलिक संयुगांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि ती बांधणी उकळत्या पाण्यातही सुटत नाही. कमळकाकडी आणि बांबूचे कोंब ह्यांचंही तसंच, त्यामुळे वॉटर चेस्टनट नसेल तर त्यातलं काहीही घ्या. शिंगाडा ही वेगळी वनस्पती आहे, तो पर्याय म्हणून चालतो पण तितका कडक राहत नाही, आणि ताजा असेल तर सोलून उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय घालू नका, पाण्यात वाढणाऱ्या अशा गोष्टींवरून आतड्यातले परजीवी येऊ शकतात. गाजर बारीक चिरून चालेल. सिमला मिरची मी घालत नाही, पाणी सोडते, घालायचीच तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात.

वाळलेले शिटाके मशरूम सहासात, गार पाण्यात काही तास भिजवलेले, हे मी कधीच वगळत नाही. हॉटेलसारखी चव येत नाही म्हणता ना, ती बरीचशी इथे असते. वाळलेल्या शिटाकेत ग्वानिलेट असतं आणि सोया, ऑयस्टर सॉसमध्ये ग्लुटामेट, ही चव देणारी दोन्ही द्रव्यं एकत्र आली की उमामी, म्हणजे रश्शासारखी भरगच्च चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटीने जास्त जाणवते. भिजल्यावर देठ काढून टाका आणि मशरूम मुठीत धरून जोर लावून पिळा, मग चिरा. ते पाणी फेकू नका, गाळून दोन चमचे सॉसमध्ये घाला, बाकीचं सूपला.

आता परतणं. जाड कढई किंवा वोक, नॉनस्टिक शक्यतो नको कारण एवढ्या आचेला ते बनलेलं नसतं. रिकामी कढई मोठ्या गॅसवर धूर दिसायला लागेपर्यंत तापवा, मग दीड मोठा चमचा तेल, आणि चिकन अर्धंच घाला. अर्धंच हे मी मुद्दाम सांगतेय, घरच्या गॅसमध्ये हॉटेलच्या बर्नरची ताकद नसते, सगळं एकदम टाकलं की कढई थंड पडते, चिकनचं पाणी बाहेर येतं ते उडायच्या आत साचतं, आणि एकदा का तळाशी पाणी साचलं की तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही. मांसावर जो खमंग तपकिरी रंग येतो त्याला साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता लागते, म्हणजे पाणी असेपर्यंत तो येणारच नाही, चिकन नुसतं उकडणार, आणि उकडलेल्या चिकनवर सॉस ओतून ती चव येत नाही. चिकन पसरा आणि मिनिटभर हात लावू नका, खालून रंग आला की मगच उलथन्याने मोडा. मी विद्यार्थ्यांना कानाने शिजवायला सांगते, तीक्ष्ण चरचर येतेय तोवर सगळं ठीक आहे, आवाज खाली येऊन बुडबुड झाला की समजायचं पाणी सुटलंय. तसं झालं तर घाबरू नका, चिकन एका कडेला सरकवा, गॅस पूर्ण मोठा ठेवा, ते पाणी आटू द्या, चरचर परत ऐकू आली की पुढे जा. पाण्यात सॉस मात्र कधीही घालू नका. पहिली खेप काढून ताटात ठेवा, दुसरी तशीच करा. थर्मामीटर असेल तर चिकनला आत ७४ अंश सेल्सियस, पण इतक्या बारीक तुकड्यांना ते व्हायला वेळ लागत नाही.

त्याच कढईत थोडं तेल, त्यात १ मोठा चमचा बारीक चिरलेलं आलं, चारपाच पाकळ्या चिरलेला लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. आलं-लसणाची पेस्ट नको, त्यात पाणी असतं आणि ती तळाला लागते. २० सेकंदांत वास सुटतो, लगेच मशरूम, ते मिनिटभर, मग वॉटर चेस्टनट, मग चिकन परत आणि कडेकडेने सॉस. कडेने ओतला की गरम पत्र्यावर सोया सॉस जरा करपल्यासारखा होतो, त्याचा एक सुंदर वास येतो. मिनिटभरात कॉर्नफ्लोअरचं पाणी ढवळून (तळाला बसलेलं असतं ते) अर्धंच आधी घाला, उकळी येऊन चकाकी आली की बघा, उलथन्याने कढईत मधोमध रेघ ओढली आणि ती उघडी राहिली, मागून रस धावून आला नाही, तर झालं. रस आला तर उरलेलं घाला. गॅस बंद, तिळाचं तेल १ छोटा चमचा, व्हिनेगर १ छोटा चमचा, हिरवी पात.

चव मात्र चमच्याने घेऊ नका. लेट्युसचा एक तुकडा तोडा, त्यावर सारण ठेवा आणि मग खाऊन बघा. नुसतं चाखलं तर सारण किंचित खारट आणि गोडसर लागायलाच हवं, कारण त्याच्याबरोबर तोंडात एवढं गार बिनमिठाचं पान येणार आहे. सॉस तेच असूनही घरी सपक लागतं त्याचं सगळ्यात साधं कारण हेच, आपण चमच्याने चाखून 'बरोबर आहे' म्हणतो आणि थांबतो.

मांडताना सारण पानात भरून आणू नका, दिसायला कितीही छान वाटलं तरी. सारण वेगळ्या बाऊलमध्ये, पानं फ्रीजमधून थेट गार ताटलीत, आणि प्रत्येकाने आपापलं भरून लगेच खायचं. सारण गॅसवरून उतरवल्यावर पाचेक मिनिटं थांबा, वाफाळतं असताना पानात गेलं तर पान शिजतंच, कोमट-गरम असेल तर गार पान आणि गरम सारण दोन्ही एकाच घासात मिळतं. एका पानात दोन मोठे चमचे, जास्त नाही, फाटलेल्या पानांपैकी बरीचशी अतिभरलेली असतात. पान पातळ वाटलं तर एकात एक अशी दोन घ्या. तळलेल्या राईस शेवया खाली घातल्या तर त्या उरलासुरला रस शोषतात आणि कुरकुरही येते. त्या कोरड्याच तळायच्या, भिजवायच्या नाहीत, तेल चांगलं कडक हवं, एक शेवई टाकून बघा, क्षणात फुलून वर आली पाहिजे, बुडाशी पडून राहिली तर तेल तापलेलं नाही. वरून भाजलेले शेंगदाणे किंवा काजू भरडून.

व्हेज करताना पाण्याचं काम दुप्पट महत्त्वाचं होतं. टोफू घट्ट प्रकारचा घ्या, कापडात गुंडाळून वर वजन ठेवून अर्धा तास दाबा. वेळ असेल तर त्याहून चांगलं म्हणजे टोफू आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये टाकायचा आणि वितळल्यावर हाताने पिळायचा. आत बर्फाचे स्फटिक होतात, ते वितळले की त्या जागी पोकळ्या राहतात, टोफू स्पंजसारखा होतो, पाणी सहज पिळून निघतं आणि नंतर तितकाच सॉस आत शिरतो. मग हाताने कुस्करून कडा सोनेरी होईपर्यंत परता, हे चिकनपेक्षा जास्त वेळ घेतं, आठदहा मिनिटं सहज. सोया ग्रॅन्युल्स वापरत असाल तर गरम पाण्यात भिजवून दोनतीनदा पाणी बदलून घट्ट पिळा. ताजे मशरूम वापरायचे असतील तर ते आधी कोरड्या कढईत, तेल-मीठ काही न घालता, त्यांचं पाणी पूर्ण सुटून आटेपर्यंत परता, मग तेल. ऑयस्टर सॉस ऐवजी मशरूमचा व्हेज सॉस मिळतो. आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी सांगते, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, होयसिनमध्येही बऱ्याचदा असतो, बाटलीवर वाचून गव्हाशिवायची तामारी (जपानी सोया सॉस) घ्या.

एवढं जमलं की बाकीच्या आशियाई पद्धतीही करून बघा, प्रत्येकीने ओलाव्याचा प्रश्न आपापल्या परीने सोडवलेला आहे आणि मला हे फार आवडतं. लाओस आणि ईशान्य थायलंडच्या लार्बमध्ये खिमा खमंग परततच नाहीत, चारपाच चमचे पाण्यात हलका शिजवतात, आणि मग त्यात लिंबाचा रस, फिश सॉस, मिरचीचे फ्लेक्स, उभे चिरलेले छोटे कांदे आणि भरपूर पुदिना. म्हणजे सगळं ओलंच की. तो ओलावा धरतो भाजलेला तांदूळ. चिकट जातीचा तांदूळ कोरडा, मंद आचेवर दहापंधरा मिनिटं बदामी होईपर्यंत भाजायचा, जाडसर कुटायचा आणि ५०० ग्रॅम खिम्याला दोन मोठे चमचे शेवटी मिसळायचा. तो रस पिऊन फुगतो आणि वर खमंग वास देतो. पूड अगदी पीठ करू नका, दाताखाली कण आले पाहिजेत. लार्ब कोमट खायचं असतं त्यामुळे पान मऊ पडायचाही प्रश्न येत नाही, इथे खिमाही विकतचा चालतो.

कोरियन स्साममध्ये सॉस पातळ नसतोच. स्सामजांग ही घट्ट पेस्ट, दोएनजांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट आणि गोचुजांग म्हणजे मिरचीची, ह्यांत लसूण, तिळाचं तेल, थोडी साखर. पान तळहातावर, हवं तर वर पेरिला ह्या सुगंधी वनस्पतीचं पान, थोडा भात, भाजलेलं मांस, बोटाएवढं स्सामजांग, लसणाची चकती, आणि पुडी करून एका घासात तोंडात. दोन घासांत खायला गेलात की सुटणार, म्हणून पुडी लहानच बांधायची. व्हिएतनामी पद्धतीत नुओक चाम हा बुडवायचा सॉस अगदी पाण्यासारखा पातळ असतो, १ भाग फिश सॉस, १ लिंबाचा रस, १ साखर आणि ३ भाग पाणी, वर लसूण-मिरची, पण तो आत ओतत नाहीत, लेट्युस आणि ताज्या पाल्यात गुंडाळलेला रोल त्यात बुडवून लगेच खातात. तुम्हाला चायनीज रॅपबरोबरही अजून सॉस हवा असेल तर हीच पद्धत ठेवा, बाजूला छोट्या वाटीत बुडवायला, आत ओतायला नाही.

उरलेलं सारण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीनचार दिवस टिकतं, फ्रीजरमध्येही चालतं, फक्त वॉटर चेस्टनट मग तेवढा कडक राहत नाही. फ्रीजमध्ये कॉर्नफ्लोअर थोडं पाणी सोडतं, त्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये नुसतं गरम न करता कढईत मोठ्या आचेवर चरचर येईपर्यंत परता आणि मगच पानात भरा. डब्यात न्यायचं असेल तर सारण पूर्ण गार करून एका डब्यात, पानं कोरड्या कापडात गुंडाळून दुसऱ्यात, दोन्ही बर्फाच्या पॅकबरोबर, आणि भरायचं खातानाच.